बॅनर लागलाय

समुद्रात चाळीस मीटर खोल बुडालेल्या जहाजात शिरायचा प्लॅन. त्यासाठी माजिवड्याच्या धनेशशेठनी माझ्या डायव्हिंग क्लासात सामान मांडलं. कॅमेरे तीन, सिलिंडर एक.

"शेठ, एवढ्या हवेत तुम्ही जहाजापर्यंत आरामात पोचाल," मी म्हटलं. "परत वर यायचं पण प्लॅनमध्ये असेल तर दुसरा सिलिंडर घ्या. नाहीतर पाण्यात वरच्या वर मासे बघा, त्याला हे सामान झकास आहे."

"मासे काय बघायचे, मॅडम? आणि दुसरा सिलिंडर लावला की फोटोत माणूस जाड दिसतो. आता प्लॅन तर बदलूच शकत नाही. पोरांनी नाक्यावर बॅनर लावलाय, 'बुडालेलं जहाज सर केल्याबद्दल धनेशशेठचं अभिनंदन!' मास्कमधला फोटो टाकलाय, एक नंबर!"

शेठनी लगेच मास्क चढवून तीच पोज देऊन दाखवली. मी मोबाईल समोर धरला आणि मास्क काढायला सांगितला.

"आता हा फोटो कशाला?"

"पोरांना पाठवते. श्रद्धांजलीच्या बॅनरवर चेहरा स्पष्ट लागतो, शेठ."