तिसरं वळण

पहिला पिस्टन चांगला निघाला. दुसराही. तिसरा आणि चौथा मिस्त्रीने बाहेर काढला, डिझेलने धुतला, उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिला. एक ओरखडा नाही. लायनर गुळगुळीत. बेअरिंगं तर अजून कितीतरी चालली असती.

दुसरा कुणी खूश झाला असता. मिस्त्रीच्या कपाळाला आठी पडली. हे इंजिन जळालेलंच निघायला हवं होतं.

इतकी वर्षं तो गल्लीभर हेच सांगत आला होता. धाकट्या भावाने चढावर चुकीचा गिअर धरून ठेवला, इंजिन ताणलं, जाळलं. दवाखाना टेकडीच्या माथ्यावर. पिकअपच्या हौद्यात गादी टाकलेली, गादीवर मिस्त्रीची बायको पोट धरून विव्हळतेय, तिचं डोकं मिस्त्रीच्या मांडीवर. धाकटा स्टिअरिंगवर. तिसऱ्या वळणावर गाडीने दम सोडला. नुसता काळा धूर, आणि गाडी जागच्या जागी. मागून दुसरी गाडी येईपर्यंत बायको थंड पडली होती. मिस्त्री खाली उतरला आणि भर रस्त्यात, चारचौघांसमोर, त्याने भावाला चपलेने बडवलं.

काळा धूर म्हणजे इंजिनाला हवा पोचत नाही. गिऱ्हाइकाची गाडी असती तर हे त्याने झोपेतसुद्धा सांगितलं असतं. स्वतःच्या गाडीचं निदान मात्र एकच केलं: ड्रायव्हर नालायक. मेलेल्या बायकोपेक्षा नालायक भाऊ सोसायला सोपा असतो. गाडी ओढून आणली, गॅरेजमागे ढकलली, वर ताडपत्री टाकली. पुन्हा बॉनेट उघडलं नाही.

धाकट्याने त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाही. चढावर त्याच्यासारखी गाडी कुणाला काढता येत नसे. तो आता लाकडाच्या वखारीत फळ्या उचलत होता. मिस्त्रीची मुलगी मोठी झाली ती काकाचं तोंड न बघता. रस्त्यात दिसलाच, तर ती थुंकायची.

त्याच मुलीने आता टेकडीवर रोपवाटिका घेतली होती. "बाबा, सडवण्यापेक्षा इंजिन बांधा. मला पोती घेऊन वर चढणारी गाडी पाहिजे," ती म्हणाली, आणि बाप नाही म्हणू शकला नाही. आत्ता ती गॅस्केट आणायला गेली होती.

मिस्त्री बाकाकडे वळला. हेडबरोबर काढून ठेवलेला हवेचा रबरी पाइप तसाच पडला होता. त्याने क्लिप सैल केली, पाइप ओढला, आत बोट घातलं. मऊ लागलं.

फडकं होतं.

त्याचीच सवय. इंजिनाचं तोंड उघडं राहिलं की त्यात फडकं कोंबायचं, नटबोल्ट आत पडू नये म्हणून. फडकी बायको द्यायची, तिच्या जुन्या गाऊनची, नीट फाडून घडी घालून. हे तेलाने काळं झालं होतं, पण निळे ठिपके अजून दिसत होते. त्या दिवशी तो फिल्टर बदलत होता. घरातून किंकाळी आली. त्याने पाइप बसवला, क्लिप आवळली आणि भावाला ओरडला, "गाडी काढ रे!"

सपाट रस्त्यावर गाडी पळाली. पळणारच. चढाला छाती भरून हवा लागते.

"इंजिन उघडलंस म्हणे."

दारात धाकटा उभा होता. केसांत भुसा. मिस्त्रीने फडकं पँटच्या खिशात कोंबलं.

"तू कशाला आलास? मयताला आला नाहीस, आता लोखंड बघायला आलास?"

"मयताला तू येऊ दिलं नाहीस, दादा."

"पोरगी येईल आत्ता. तुला इथे बघितलं तर पान्याने डोकं फोडेल."

"तुझ्यावरच गेलीय," धाकटा म्हणाला आणि हसला. हसताना तो अजून तसाच दिसत होता.

मग तो आत आला. फडताळावर मांडलेल्या चार पिस्टनांकडे बराच वेळ बघत राहिला.

"काय निघालं?"

एक वाक्य बोलायचं होतं. माणसाला त्याचं आयुष्य परत द्यायला तेवढं पुरलं असतं. मिस्त्रीने तोंड उघडलंही. पण मुलगी डोळ्यांसमोर आली, आणि रस्त्यावरचं ते थुंकणं. ती थुंकायची थांबणार नव्हती. फक्त तोंड काकाकडून बापाकडे वळवणार होती.

"पिस्टन जळून जाम झाले होते," तो म्हणाला. "गिअर तूच चुकवलास."

दोघांच्या मधे चार पिस्टन लखलखत होते.

धाकट्याने मान डोलावली. चिडला नाही, भांडला नाही. पुढे आला आणि त्याने हात पसरला.

"खिशातलं दे इकडे. वखारीत भुसा पेटवलाय, त्यात टाकतो. पोरगी यायच्या आत दे."

मिस्त्रीने खिसा हाताने दाबून धरला. "तुला... कधी कळलं?"

"त्याच दिवशी. मला मारून तू तिला दुसऱ्या गाडीत घालून वर गेलास ना, तेव्हा मी पाइप उघडला. बघितलं. आणि होतं तसं ठेवून क्लिप आवळून टाकली." धाकट्याचा हात अजून तसाच पुढे होता. "काढलं असतं तर गाडी चढली असती, दादा. मग तुला कळलं असतं."