शोधून सापडेना

एसटीतून रिटायर झालेले शेषराव आपल्या गेलेल्या बायकोच्या आठवणी कॉम्प्युटरवर लिहायचे. फाइल कुठे जाऊन बसते, ते त्यांना कळत नसे. सर्चमध्ये तिचं नाव 'भागिरथा' टाइप केलं, की सगळ्या फाइली समोर यायच्या. मग जेवताना ते मुलाला वाचून दाखवायचे. हे रोज चालायचं.

मुलगा संघदीप कंटाळला. त्यानं त्या फाइलींचं फोल्डरच सर्चच्या इंडेक्समधून काढून टाकलं. फाइली जागेवरच राहिल्या, फक्त शोधून सापडेनाशा झाल्या.

"काहून दिसून नाई राह्यलं रे? मी लिवलं होतं ना तुह्या मायवर?"

"लिवतो लिवतो म्हनत होते तुमी, बाबा. लिवलं कुटी?"

 शेषरावांनी कॉम्प्युटरला हात लावणं सोडलं. पुढे पुढे तर आपण चहा घेतला का, हेही ते सुनेला विचारू लागले. वाशिमच्या डॉक्टरांनी विसरभोळेपणावर गोळ्या सुरू केल्या.

मग मात्र संघदीपला राहवेना. त्यानं फोल्डर पुन्हा इंडेक्समध्ये टाकलं आणि बाबांना खुर्चीवर आणून बसवलं.

"पाहा बाबा, सापडलं सगळं. तुमीच लिवलं हे."

शेषरावांनी शेवटपर्यंत वाचलं. डोळे पुसले आणि मुलाचा हात हातात घेतला.

"मले तर यातलं काईच आठोत नाई," ते म्हणाले. "मले बरं वाटावं म्हून तू एवढं लिवलं का रे, बापू?"