परत घे

अण्णांनी पट मांडला आणि शेवटी शर्टाचं बटण प्याद्याच्या जागी ठेवलं. खरं प्यादं मी लहानपणीच हरवलंय.

"हं, ग्रँडमास्टर, तुमची चाल," ते म्हणाले. वडिलांनी मला अहो-जाहो करावं! मी प्यादं पुढे सरकवलं.

याच पटावर त्यांनी मला शिकवलं. मी चुकले की माझा हात धरायचे आणि म्हणायचे, "परत घे बाळ. नीट बघ." मग स्पर्धा सुरू झाल्या. तिथं सोंगटीला बोट लागलं की तीच खेळावी लागते. किताब मिळाला, परदेशातली हॉटेलं सवयीची झाली, पण 'परत घे' म्हणणारं कुणी राहिलं नाही.

म्हणून आज मी मुद्दाम वजीर त्यांच्या घोड्याच्या तोंडी दिला. शेंबड्या पोरालाही दिसावी अशी चूक. हात पटावर तसाच ठेवून वाट बघत बसले.

अण्णांनी चष्मा पुसला, पटावर वाकले. बाजूला चहावर साय धरली.

"नाही मारणार," ते हसले. "यात काहीतरी डाव आहे तुझा."

"नाही हो अण्णा. खरंच चुकले मी."

"चल! तू कुठं चुकतेस आता?" आणि स्वयंपाकघराकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "अगं, बघायला ये, पोरीनं कसला सापळा लावलाय!"

त्यांनी आपला घोडा अलगद मागे नेला.

माझा हात अजून पटावरच होता.