ओवीच्या आधी

सहा वर्षांच्या ओवीच्या हातून दुधाचा पेला सांडला आणि आई हसली. हेमांगीला ते सहन झालं नाही.

"मी सांडलं की तू पाठीत धपाटा घालायचीस."

"तेव्हा नोकरीची धावपळ होती गं. आता निवांत आहे."

ओवी हेमांगीची जुळी बहीण. दोघींचे भ्रूण एकाच दिवशी तयार झाले होते. हेमांगी लगेच जन्मली, गोठवलेली ओवी पस्तीस वर्षांनी कृत्रिम गर्भाशयातून आली.

"मग आधी मलाच का आणलंस?"

"डॉक्टरांनी निवडलं. म्हणाले, दोघींत हीच जास्त तगडी आहे."

आईनं ओवीला कडेवर घेतलं. एकेचाळीस वर्षांच्या हेमांगीला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं, आपण नाजूक निघायला हवं होतं.