डोहासाठी स्कूटर

अंगणातल्या बाजेवर दोन यंत्रं ठेवली होती, आणि त्यांना स्कूटर का म्हणायचं हे नागोरावाला काही केल्या पटत नव्हतं. ना चाक, ना सीट. मागे एक पंखा आणि धरायला दोन मुठी.

"पाण्याखाली हिले धरून राह्याचं," फकिरा म्हणाला. "हे ओढत नेते."

फकिरा मूळचा बेज्जूरकडचा, प्राणहितेच्या काठचा भोई. आता मुंबईच्या गोदीत पाणबुड्या होता. सुट्टीवर निघताना मालकाच्या गोदामातून ही यंत्रं आणि हवेची टाकी घेऊन तो वाट वाकडी करून जैनथजवळच्या या गावात उतरला होता. तुमच्या डोहाची गोष्ट बस स्टँडवर कानावर आली, म्हणाला. नागोरावाला तो देवासारखा भेटला.

गोष्ट अशी होती. त्र्याऐंशीच्या पुरात नागोरावाचा थोरला भाऊ चंपत पैनगंगेच्या डोहावर गेला तो परत आलाच नाही. काठावर चपला आणि सदरा सापडला. जाळी टाकून झाली, पण प्रेत मिळालं नाही. अशा वेळी पळसाच्या पानांचा माणूस करून त्याला अग्नी द्यायची रीत आहे. पण चंपतच्या बायकोने, कौशल्याबाईने, साफ नकार दिला.

"पानं जाळून मी कुकू नाई पुसत," ती म्हणाली होती. "त्याइचं कायतरी आनून दाखवा."

नवऱ्याचं नाव तिने जन्मात घेतलं नव्हतं. पुराला अकरा वर्षं झाली. ती रोज ठसठशीत कुंकू लावायची आणि रोज एक जास्तीचं ताट वाढून झाकून ठेवायची. ते झाकलेलं ताट नागोरावाला बघवत नसे. वहिनी यातून एकदाची सुटावी, एवढंच त्याला हवं होतं.

फकिराने छोटं नारिंगी यंत्र पुढे सरकवलं. "डोहाले हे लय झालं. हलकं हाय. अर्धा घंटा चालते."

"अन् ते पिवळं?" कौशल्याबाईने दारातून विचारलं.

"ते घंटाभर चालते, वयनी. पन जड हाय. आपल्याले काय कराचं?"

ती बाजेपाशी आली. यंत्राला ती बिचकणारी नव्हती. विहिरीवरची मोटर तीच चालवायची, आणि बिघडली तर मिस्त्रीला घाम फुटेपर्यंत सोडायची नाही. पिवळ्या यंत्राच्या पाठीवर काचेखाली एक काटा होता.

"हे काय होय?"

"बॅटरीचा काटा. भरली का हिरव्यात, सरली का लालात."

"मंग हेच घ्या," ती म्हणाली. "काम किती झालं ते दिसलं पाह्यजे."

फकिराने खूप आढेवेढे घेतले. पिवळं गाळात रुतेल, पंख्यात शेवाळ अडकेल. ज्याचं काम त्याला कळतं, असं नागोरावालाही वाटलं. पण वहिनीपुढे तसं बोलायची त्याची छाती नव्हती. पिवळं ठरलं. दुसऱ्या दिवशी नागोरावाने त्याची बॅटरी बसने आदिलाबादला नेऊन चार्ज करून आणली. काटा हिरव्याच्या पार टोकाला टेकला.

मे महिन्यात पैनगंगा आटते, डोह तेवढा उरतो. फकिराने कोणाला न विचारता काळ्या खडकापाशी जाऊन टाकी पाठीला बांधली. चंपतच्या चपला नेमक्या तिथेच सापडल्या होत्या. जाणकार माणूस, नागोरावाने मनात दाद दिली.

पिवळं यंत्र घेऊन फकिरा पाण्यात शिरला. बुडबुडे पलीकडच्या लव्हाळ्याकडे सरकले आणि दिसेनासे झाले. सारं गाव काठावर जमलं होतं. तासभर झाला तसा नागोरावाचा जीव टांगणीला लागला. कौशल्याबाई भर उन्हात उभी होती. सावलीत या म्हटलं तरी हलली नाही.

शेवटी फकिरा वर आला. त्याच्या हातात एक चांदीचं कडं होतं.

"कपारीत सापडलं," तो धापा टाकत म्हणाला. "घंटाभर मशीन चालवून सारा डोह पालथा घातला. बाकी काईच नाई उरलं."

कड्यावर दोन मोर होते. आईने चंपतच्या लग्नात केलेलं कडं. नागोरावाने ते ओळखलं आणि चारचौघांत हमसून हमसून रडला.

कौशल्याबाईने कडं हातात घेतलं, आतून-बाहेरून पाहिलं. मग ती वाळूत ठेवलेल्या पिवळ्या यंत्राजवळ बसली आणि पदराने त्याची काच पुसू लागली. हिरवा पट्टा आणि त्याच्या टोकाला टेकलेला काटा लख्ख दिसेपर्यंत पुसत राहिली.

"वयनी, राहू द्या आता ते मशीन," नागोराव डोळे पुसत म्हणाला.

"भाऊजी, पळसाची पानं आना," ती म्हणाली.

पानांचा माणूस वाळूवर तयार झाला. भटजींनी कडं छातीवर ठेवायला सांगितलं. ते माझ्यापाशी राहू द्या, म्हणून तिने पदराला बांधलं. नागोरावाने अग्नी दिला. कुंकू पुसायला बायका पुढे सरसावल्या, पण ती कोणासाठी थांबली नाही. ओंजळीत नदीचं पाणी घेऊन तिने स्वतःच कपाळ धुतलं. डोळ्यांत टिपूस नव्हता. अकरा वर्षांत रडू संपून गेलं असेल, अशी नागोरावाने स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी घरात जास्तीचं ताट वाढलं गेलं नाही, आणि त्याला हलकंही वाटलं, भडभडूनही आलं.

सकाळी फकिराला जैनथच्या बसवर पोचवायला दोघंही गेले. सामान टपावर चढवून नागोरावाने हात जोडले.

"भाऊ, तुमचे उपकार आमी कवा फेडाव?"

फकिरा खिडकीतून दुसरीकडेच बघत होता. ड्रायव्हरने गाडी सुरू केली तशी कौशल्याबाई खिडकीशी गेली. पदराची गाठ सोडून तिने कडं काढलं आणि फकिराच्या हातावर ठेवलं.

"हे त्याइचं त्याइले वापस देजा," ती म्हणाली. "अन् सांगजा, कुकू मी माह्या हातानं पुसलं."