उंदरिणीचं कुंकू

महिनाभर नाकी नऊ आणणारी उंदरीण अखेर पिंजऱ्यात आली, तेव्हा धारगळच्या गंगाबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "गावली गो, गावली!"

गणपतीचं वाहन मारायचं कसं? मुलगा जयराम खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. तो तिला दूर साखळी गावापलीकडे सोडणार होता. तो निघताना गंगाबाईंनी देव्हाऱ्यातला करंडा उघडला आणि गजांतून उंदरिणीला कुंकू लावलं. ती चावली नाही. तिने डोकं पुढे केलं.

"आये, तुम्ही कुंकवाक हात लावू नकात!" सून देवकी ओरडली. गोवा मुक्त झाला त्याच वर्षी गंगाबाईंचा नवरा गेला होता. तेव्हापासून अकरा वर्षं त्यांचं कपाळ रिकामंच.

"महिनोभर आमच्यात रवली," गंगाबाई म्हणाल्या. "तिका रिकाम्या कपाळान धाडू?"

दुपारी जयराम उंदरिणीला सोडून परतला. गंगाबाई लढाई जिंकल्यासारख्या पडवीत आडव्या झाल्या. घरात कुठेच खुडबुड नव्हती.

जाग आली ती देवकीच्या हातून तांब्या पडल्यामुळे.

"आये, तुमच्या कपाळार..."

गंगाबाईंनी आरसा घेतला. कपाळावर मधोमध ताजं कुंकू होतं. बोटाचं नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढ्या पंज्याचं. करंडा मात्र बंद होता.

"पुसा ता आधी! कोणी लायल्यान?"

गंगाबाईंनी पदर सारखा केला, मान ताठ केली आणि भर उन्हात, चारचौघींत जायला त्या अंगणात उतरल्या.

"मी तिका लायलंय," त्या म्हणाल्या, "तिने माका लायल्यान. रीतच आसा ती."