आडवा बांबू

“काढा रे तो आडवा बांबू! पूर्वी नाचणारी आणि बघणारे यांच्यात असलं काही नव्हतं. तोच खरा तमाशा!” म्हातारे सरपंच माईकवर गरजले. पहिल्या रांगेतले गडी दोर सोडायला उठले.

सत्काराची शाल पांघरलेल्या झुंबरबाई स्टेजवरून उतरल्या आणि बांबू दोन्ही हातांनी धरून उभ्या राहिल्या. वर त्यांची नात चाळ बांधत होती.

“सरका, बाई. तुमच्याच काळाचं कौतुक चाललंय,” सरपंच म्हणाले.

“माझ्या काळात तुम्ही माझा हात पिरगाळायचात, अन् मी हसायची. रडले असते तर पुढच्या जत्रेला बोलावलं नसतंत. काढा बांबू! पण आधी तुमची सून आणून इथं पुढं बसवा. तिलाही बघू दे तुमचा खरा तमाशा.”

गडी खाली बसले. झुंबरबाई मात्र लावणी संपेपर्यंत बांबू धरून होत्या.